ओकोनोमियाकी घरच्या तव्यावर

थालीपीठ थापायची सवय झालेल्या हाताकडून ओकोनोमियाकी पहिल्यांदा हमखास बिघडते. तव्यावर काही पडलं की ते पसरायचं, कडेकडेने पातळ करायचं आणि उलथन्याने दाबायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. घावन, धिरडी, थालीपीठ यांना ते चालतं. या जपानी पदार्थाला चालत नाही. ओकोनोमियाकी बोटभर जाड हवी, बाहेरून खरपूस आणि आतून इतकी मऊ की उलथन्याने सहज कापली जावी. हा मऊपणा पिठामुळे येत नाही. कोबीच्या तुकड्यांमध्ये अडकलेली हवा आणि त्याच कोबीची वाफ यांनी तो येतो. पीठ फक्त कोबी धरून ठेवण्यापुरतं असतं. एवढं डोक्यात ठेवलं, तर पुढच्या बहुतेक पायऱ्यांमागचं कारण आपोआप कळत जाईल.

नावातल्या ‘ओकोनोमि’चा अर्थ ‘आवडेल ते’ आणि ‘याकि’चा अर्थ ‘भाजलेलं’. म्हणून आत काय घालावं याला मोकळीक आहे, पण प्रमाणांना तितकी नाही. महायुद्धाच्या आधी जपानमध्ये ‘इस्सेन योशोकु’, म्हणजे एका सेनला (येनच्या शंभराव्या भागाला) मिळणारं विलायती खाणं, विकलं जायचं. पातळ पिठाच्या पोळीवर थोडी कांद्याची पात आणि वर वूस्टर सॉस, एवढंच. युद्धानंतर तांदळाची टंचाई होती आणि अमेरिकेच्या मदतीतून गहू येत होता. तेव्हा हे पोरांचं खाणं मोठ्यांचं पोटभरीचं जेवण झालं. अणुबाँबने बेचिराख झालेल्या हिरोशिमात लोखंडी पत्र्यावर, जे मिळेल त्यातून ते उभं राहिलं. आज मुख्य तऱ्हा दोन. ओसाका आणि आसपासच्या कानसाई भागात सगळं एकत्र कालवून भाजतात, हिरोशिमात थरावर थर रचतात. (तिला ‘हिरोशिमा-याकि’ म्हटलेलं तिथल्या लोकांना फारसं रुचत नाही, त्यांच्या लेखी तीच खरी ओकोनोमियाकी.) नवशिक्याने ओसाकाच्या तऱ्हेपासून सुरुवात करावी. इथे मुख्यतः तीच दिली आहे.

दोन ओकोनोमियाकींसाठी

प्रत्येकी सुमारे १८ सेंटीमीटर व्यासाची, एका भुकेल्या माणसाला एक पुरते. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, लहान म्हणजे ५.

- कोबी: चिरून ३०० ग्रॅम (मध्यम गड्ड्याचा साधारण तिसरा भाग)
- मैदा ९० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोर १० ग्रॅम
- दाशी, म्हणजे जपानी पातळ रस्सा: गार, १०० मिलिलिटर
- किसलेलं नागाइमो (डोंगरी कंद) ६० ग्रॅम. नसेल तर बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा आणि दाशी आणखी २० मिलिलिटर
- अंडी २
- तेनकासु (तळलेल्या पिठाचे कण) ४ मोठे चमचे
- बेनि शोगा (आल्याचं लाल लोणचं) बारीक चिरून २ मोठे चमचे
- कांद्याची पात २ काड्या
- डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप ६
- मीठ पाव लहान चमचा, तेल २ मोठे चमचे
- वरून: ओकोनोमी सॉस, मेयोनेज, आओनोरी (शेवाळाची हिरवी पूड), कात्सुओबुशी (सुकवून धुरावलेल्या मासळीच्या पाकळ्या)

कोबी आणि पिठाचं गुणोत्तर तीनास एक आहे. पहिल्यांदा करताना वजनकाटा जरूर वापरा. वाडग्यात पीठ इतकं कमी दिसतं की ‘हे पुरणार नाही’ असं वाटून हात मैद्याच्या डब्याकडे जातो, आणि मग तयार होतो कोबी घातलेला जाड पाव.

मैद्यात कॉर्नफ्लोर घालायचं कारण असं: जपानमध्ये यासाठी हाकुरिकिको नावाचं, ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी असलेलं पीठ वापरतात. आपला मैदा त्यापेक्षा चिवट असतो. दहावा भाग कॉर्नफ्लोर घातल्याने तो चिवटपणा उतरतो. तांदळाचं पीठ घातलं तरी चालेल, कड किंचित जास्त कुरकुरीत होईल. कणीक मात्र नको.

जपानी जिन्नस आणि त्यांच्या जागी काय

दाशीला पर्याय शोधण्याआधी ती काय करते ते पाहू. समुद्री शेवाळ कोंबू आणि कात्सुओबुशी यांचा हा रस्सा. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. कात्सुओबुशीत इनोसिनेट असतं आणि दोन्ही एकत्र आली की चव एकट्या-दुकट्यापेक्षा कितीतरी गडद लागते. फिका कोबी आणि फिका मैदा यांना तीच उचलून धरते. साधं पाणी वापरलं तर पदार्थ होतो, पण सगळी भिस्त सॉसवर जाते.

घरी करायची तर अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम कोंबू अर्धा तास भिजवा, मंद आचेवर तापवा आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की कोंबू बाहेर काढा. उकळला तर बुळबुळीत आणि कडवट होतो. मग पाणी उकळू द्या, गॅस बंद करा, १० ग्रॅम कात्सुओबुशी टाका, दोन मिनिटांनी गाळा. उरलेली दाशी सूपात जिरते. तयार दाशीचे दाणे वापरणार असाल, तर १०० मिलिलिटर पाण्याला पाव लहान चमचा पुरे, आणि मग पिठात वेगळं मीठ घालू नका. शाकाहारी दाशीसाठी ३०० मिलिलिटर पाण्यात कोंबूचा बोटभर तुकडा आणि सुकी शिताके अळंबी दोन, रात्रभर फ्रिजमध्ये. कोंबू मिळाला नाही तर नुसती अळंबीही काम भागवते.

नागाइमो हा कंद किसल्यावर चिकट, लांब तार येणारा होतो. ती तार हवेचे बुडबुडे धरून ठेवते, म्हणून ओकोनोमियाकी हलकी होते. आपल्याकडचं कोनफळ त्याच कुळातलं आहे आणि हिवाळ्यात बाजारात दिसतं. सालं जाड काढून बारीक किसणीवर किसा. हाताला खाज येते, म्हणून हातमोजे घाला किंवा तेलाचा हात फिरवा. जांभळं कोनफळ घेतलं तर रंग विचित्र दिसेल, पांढरं बघून घ्या. एक फरक लक्षात ठेवा: नागाइमो जपानमध्ये कच्चं खातात, कोनफळ कच्चं खाऊ नये. त्यामुळे ओकोनोमियाकी आतपर्यंत शिजली पाहिजे. सुरण किंवा अळकुड्या किसून घालू नका. इतक्या कमी वेळात त्यांची खाज जात नाही. आणि यांपैकी काहीच न मिळाल्यास बेकिंग पावडर आहेच. तेवढी हलकी होणार नाही, पण वाईटही होणार नाही.

तेनकासु म्हणजे तेंपुरा (पातळ पिठात बुडवून तळलेली जपानी भजी) तळताना कढईत सुटलेले पिठाचे कण. ते आत थोडं तेल आणि पोकळी आणतात. घरी करायला पाच मिनिटं लागतात: ४ मोठे चमचे मैदा आणि ६ मोठे चमचे बर्फाचं पाणी गाठींसकट कालवा, काट्याने गरम तेलात थेंब-थेंब शिंतडा, फिकट सोनेरी झाले की झाऱ्याने काढा. रायत्याची खारी बुंदीही चालते, बेसनाची चव थोडी येते एवढंच. तिचे दाणे मोठे असतील तर जरा चुरडून घ्या. चुरमुरे घालण्याचा मोह टाळा, ते पाणी पिऊन चामट होतात.

बेनि शोगाचा पर्याय कोकणात आयता आहे. मूळ लोणचं उमे या आंबट फळाच्या खारट लाल पाण्यात मुरवतात. कोकम आगळ हेही आंबट, खारट आणि लाल. कोवळ्या आल्याच्या काडेपेटीच्या काडीपेक्षाही बारीक काड्या करा, अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात टाकून काढा, पुसून कोरड्या करा आणि बुडतील इतक्या आगळात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. चव हुबेहूब येत नाही, पण काम तेच करते: चरबी आणि मेयोनेजच्या मध्ये एक आंबट-तिखट ठसका.

डुकराचं मांस नको असेल तर सोललेली कोळंबी, माकूलचे पातळ काप, कोंबडीच्या तंगडीचे पातळ काप घ्या. सुका जवळाही कोरडा भाजून एक मोठा चमचा घालता येतो. जपानमध्ये त्या जागी साकुरा-एबी नावाची छोटी सुकी कोळंबी घालतातच. आओनोरीऐवजी सुशीसाठी मिळणारी नोरी भाजून चुरडा.

सॉसला मात्र थोडा वेळ द्या. हिरोशिमातल्या ओताफुकु कंपनीने १९५२ मध्ये खास ओकोनोमियाकीसाठी दाटसर सॉस बाजारात आणला, कारण वूस्टर सॉस पातळ असल्याने खाली ओघळायचा आणि तव्यावर जळायचा. त्या सॉसची गोडी बरीचशी खजुराची असते. म्हणजे भेळेच्या चटणीचं अर्धं सामान इथेही लागतं. बिनबियांचे ४० ग्रॅम खजूर ६० मिलिलिटर गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, वाटा, गाळून घ्या. त्यात टोमॅटो केचप ४ मोठे चमचे, वूस्टर सॉस २ मोठे चमचे, सोया सॉस १ मोठा चमचा आणि व्हिनेगर १ लहान चमचा घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत शिजवा. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे. चिंच आणि जिरं नको, लगेच चाट वाटायला लागतं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो.

जपानी मेयोनेज बहुधा अंड्याच्या नुसत्या बलकाचं असतं, त्यामुळे दाट आणि चवीला भरीव लागतं. आपल्याकडचं बिनअंड्याचं मेयोनेज गोडसर असतं. त्याच्या चार चमच्यांत व्हिनेगरचे काही थेंब आणि चिमूटभर मोहरीची पूड फेटली की बरंच जवळ जातं.

कोबी

पदार्थ कोबीचा आहे, तेव्हा इथे घाई नको. गड्डा घट्ट आणि जड बघून घ्या. धुवायचा तो पानं सुटी करून, चिरण्याआधी, आणि फडक्याने कोरडी करून. चिरल्यावर धुतला तर पाणी फटींत बसतं आणि पीठ पातळ होतं.

मधला दांडा काढा. पानांच्या जाड शिरा सुरीने तासून वेगळ्या करा आणि त्या अगदी बारीक चिरा, टाकू नका, गोडी त्यांच्यातच असते. बाकी पानं आधी अर्ध्या सेंटीमीटरच्या पट्ट्यांत आणि मग आडवी, असे जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा मोठे पण नखापेक्षा लहान तुकडे. लांब पट्ट्या राहिल्या तर उलटताना त्या बिजागरीसारख्या वाकतात आणि ओकोनोमियाकी मधूनच दुमडते. उलट फूड प्रोसेसरमध्ये बारीक केला तर तो पाणी सोडतो, आणि हवेला जागाच उरत नाही. जपानमध्ये वसंतात येणारा कोबी सैल आणि कोवळा असतो, हिवाळ्यातला घट्ट. आपला कोबी बहुधा दुसऱ्या जातकुळीचा, म्हणून थोडा बारीक चिरलेला बरा.

कोशिंबिरीसारखं मीठ लावून पिळायचं नाही. आतलं पाणी आतच हवं, वाफ त्याचीच होणार आहे.

पीठ

मैदा, कॉर्नफ्लोर, मीठ (आणि घालणार असाल तर बेकिंग पावडर) चाळून घ्या. गार दाशी आणि किसलेला कंद घालून व्हिस्कने जेमतेम एकजीव होईपर्यंतच हलवा. दोन-चार गाठी राहिल्या तरी चालतात. फेटत बसलात तर ग्लुटेन ताणलं जातं आणि पदार्थ रबरासारखा होतो. झाकून फ्रिजमध्ये किमान अर्धा तास, जमल्यास एक तास. या वेळात मैदा पाणी शोषतो आणि ग्लुटेन सैलावतं. मग ते इडलीच्या पिठापेक्षा किंचित पातळ, चमच्यावरून सावकाश पडणारं दिसायला हवं.

अंडं आणि कोबी आत्ता घालायचे नाहीत. मीठ लागल्याबरोबर कोबीला पाणी सुटायला लागतं. दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी ते दिसू लागतं.

तव्यावर

जपानी उपाहारगृहात ‘तेप्पान’ हा जाड सपाट लोखंडी पत्रा असतो, साधारण २०० अंश सेल्सिअसला तापवलेला. घरी बिडाचा सपाट तवा सर्वांत उत्तम, कारण थंड पीठ पडलं तरी त्याची उष्णता पटकन उतरत नाही. जाड बुडाचा नॉनस्टिक पॅनही चालेल. चपातीचा खोलगट तवा नको: मध्ये पीठ साचतं, कडा पातळ होतात. खोल झाकण आणि दोन रुंद उलथनी हाताशी ठेवा.

१. तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन दोन-तीन सेकंदांत उडाला पाहिजे. थेंब मण्यासारखे इकडे-तिकडे पळू लागले, तर तवा जास्त तापला आहे, गॅस कमी करून दोन मिनिटं थांबा.

२. तवा तापत असतानाच एका वाडग्यात एकाच ओकोनोमियाकीचं सामान घ्या: निम्मं पीठ, १५० ग्रॅम कोबी, निम्मा तेनकासु, निम्मी पात, निम्मं आलं आणि वर एक अंडं. दोन्हींचं एकदम कालवू नका, पहिली भाजून होईपर्यंत दुसऱ्याचा कोबी रडायला लागतो. मोठा चमचा तळापर्यंत घालून खालून वर उचलत, पंधरा-वीस वेळा हलवा. हेतू ढवळण्याचा नाही, हवा आत घेण्याचा आहे. अंड्याचे पिवळे-पांढरे पट्टे दिसत राहिले तर उत्तम.

३. तव्यावर एक मोठा चमचा तेल पसरवा. मिश्रण एकदम मधोमध ओता, कडा उलथन्याने आत लोटून १८ सेंटीमीटरचा गोल करा. जाडी दोन ते अडीच सेंटीमीटर. वरून दाबू नका. एखाद-दुसरा कोबीचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर डोकावू दे.

४. वर मांसाचे तीन काप सपाट पसरून ठेवा, एकमेकांवर चढवू नका. कोळंबी असेल तर ती हलकेच टेकवा.

५. मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, चार ते पाच मिनिटं. या वेळात हात लावायचा नाही. कडा कोरड्या, मॅट दिसू लागल्या आणि तवा हलवल्यावर सगळं एकसंध सरकलं की उलटायची वेळ झाली.

६. उलटताना दोन्ही उलथनी समोरासमोरच्या बाजूंनी अर्ध्यापर्यंत आत सरकवा, थोडंसंच उचला आणि मनगटाच्या एका झटक्यात आपल्याकडे पलटा. उंच उचललं की तुटते, हळू केलं तरी तुटते. धीर होत नसेल तर ताटलीवर सरकवून घ्या, वर तवा पालथा घाला आणि दोन्ही एकत्र फिरवा. काही तुटलं तर उलथन्यांनी कडेने आत लोटा. अंडं अजून कच्चं असतं, दोन मिनिटांत सांधतं.

७. आता मांस खाली आहे. गॅस मध्यमपेक्षा थोडा कमी, झाकण ठेवून पाच मिनिटं. कोबी इथे वाफवतो आणि मांसाची चरबी वितळून खालची बाजू तळली जाते. मधोमध सुई घालून बघा: ओलं पीठ चिकटलं तर आणखी दोन मिनिटं.

८. झाकण काढा, पुन्हा पलटा म्हणजे मांस वर येईल, आणि गॅस थोडा वाढवून दोन मिनिटं. झाकणाच्या वाफेने मऊ पडलेली बाजू इथे परत खरपूस होते. ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत, आणि मग ‘हॉटेलसारखी होत नाही’ म्हणतात.

९. गॅस बंद. सॉस दोन मोठे चमचे ब्रशने लावा. मेयोनेज छोट्या प्लास्टिक पिशवीत भरून टोकाला टाचणीएवढी चीर द्या आणि बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढा. मग आओनोरी, आणि सर्वांत शेवटी चिमूटभर कात्सुओबुशी. पाकळ्या इतक्या पातळ असतात की खालच्या वाफेने वळवळतात. लहान मुलं यावर खूश होतात, काही मोठी माणसं दचकतात.

ओसाकात ही त्रिकोणी नाही, चौकोनी तुकड्यांत कापतात आणि ‘कोते’ नावाच्या छोट्या उलथन्यानेच खातात. सोबत भात आणि मिसो सूप घेणारेही तिथे पुष्कळ. पिठाबरोबर भात बघून तोक्योवाले नाक मुरडतात. पावभाजीबरोबर पुलाव खाणाऱ्यांनी मुरडायचं कारण नाही.

काय बिघडतं, का बिघडतं

मधोमध गिच्च राहिली: बहुतेक वेळा कारण दाबणं हेच असतं. दाबल्याने हवेच्या वाटा बंद होतात, वाफ आत फिरत नाही आणि पीठ शिजायच्या जागी उकडतं. दुसरं कारण पीठ जास्त, तिसरं गॅस मोठा, म्हणजे बाहेरून करपायच्या बेतात आणि आत कच्ची.

उलटताना दोन तुकडे झाले: लवकर उलटली किंवा कोबी लांबट चिरला होता. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत व्यास १५ सेंटीमीटरच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

तव्याला चिकटली: तवा पुरेसा तापला नव्हता. ओढाताण करू नका, आणखी मिनिटभर थांबा. कवच पक्कं झालं की बरेचदा आपोआप सुटते.

बशीत पाणी सुटलं: कोबी ओला होता किंवा कालवून ठेवला होता. फ्रीझरमधली कोळंबी नीट न पुसता वापरली तरी हेच होतं.

जळकट कडवट वास: सॉस तव्यावरच लावला आणि गॅस चालू होता. सॉसमधली साखर पटकन जळते. थोडासा करपलेला वास काहींना मुद्दाम आवडतो, पण त्यासाठी हात बसलेला हवा.

अंडं, मासळी, मांस न खाणाऱ्यांसाठी

मांसाऐवजी शिताके किंवा साधी अळंबी, मक्याचे दाणे आणि चीज घाला. मोची (चिकट तांदळाचा जपानी गोळा) आणि चीज ही जोडी जपानमध्येही लोकप्रिय आहे. अंडं वगळायचं तर दोन अंड्यांच्या जागी कॉर्नफ्लोर २ मोठे चमचे, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा आणि दाशी ४० मिलिलिटर वाढवा. कंद असेल तर नक्की घाला, बांधणी आता त्याच्यावरच आहे. आकार १२ सेंटीमीटर ठेवा आणि पहिली बाजू सहा मिनिटं भाजा. खरं सांगायचं तर ही मऊपणात उन्नीस राहते.

तोक्यो किंवा ओसाकात राहणाऱ्या शाकाहारी वाचकांनी तयार पिठाच्या पाकिटाकडे संशयाने बघावं. ‘ओकोनोमियाकी-को’ या पिठात बहुधा कात्सुओ मासळीचा अर्क आधीच मिसळलेला असतो. तयार सॉसमध्ये कालवांचा किंवा मांसाचा अर्क, आणि इंग्रजी धर्तीच्या वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासळी असू शकते. साधं हाकुरिकिको आणून वरची खजुराची कृती शाकाहारी वूस्टरने केली की प्रश्न मिटतो.

हात बसल्यावर हिरोशिमा

हिरोशिमाच्या तऱ्हेत काहीच कालवत नाहीत. ५० ग्रॅम मैदा आणि १०० मिलिलिटर पाण्याचं सरसरीत पीठ पळीने घावनाइतकं पातळ, २० सेंटीमीटर पसरायचं. त्यावर कात्सुओबुशीची पूड, मग केसासारखा बारीक चिरलेला दीडशे ते दोनशे ग्रॅम कोबी, मूठभर मोड आलेले मूग (जपानी मोड लांब असतात), तेनकासु, मांसाचे काप आणि वरून दोन चमचे पीठ. डोंगर उंच दिसतो, घाबरू नका. पलटला की वाफेने सात-आठ मिनिटांत निम्मा होतो. बाजूला एक जुडी शिजवलेल्या नूडल्स सॉसमध्ये परतून गोल करायच्या, डोंगर त्यावर सरकवायचा. शेवटी एक अंडं फोडून तव्यावर गोल पसरायचं, सगळं त्यावर ठेवायचं आणि पलटून सॉस लावायचा. इथे मात्र शेवटी थोडं दाबलेलं चालतं, थर एकमेकांना धरतात. घरच्या एका तव्यावर हे जमवणं कसरतीचं आहे, दोन चुली लागतात.

उरलं तर

नुसतं पीठ (कोबी आणि अंड्याशिवाय) फ्रिजमध्ये रात्रभर राहतं. बेकिंग पावडरचं पीठ मात्र त्याच दिवशी संपवा. भाजलेली ओकोनोमियाकी सॉस न लावता, पूर्ण गार करून, एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येते. परत गरम करताना आधी मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं, मग कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं.

तयार ओकोनोमियाकी पिठाचं उघडलेलं पाकीट ओट्यावर क्लिप लावून ठेवू नका. दमट हवेत त्यात धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि भाजल्यावरही त्यांच्यातले ॲलर्जी करणारे घटक नष्ट होत नाहीत. ज्यांना धुळीची ॲलर्जी आहे, त्यांना अशा पिठाने खाल्ल्यानंतर काही वेळातच अंगावर गांधी उठणं, धाप लागणं इथवर त्रास झाल्याच्या नोंदी जपानमध्ये आहेत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर हा धोका धरूनच चाला: पाकीट हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि उघडल्याची तारीख डब्यावर लिहून.